कप्तानचा बुधवार

१

कप्तान मंगळवारी गेला, आणि गुरुवारी सकाळी नियाजच्या मटणाच्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलं : इथे विष मिळतं.

देवळाली कॅम्पाच्या बाजारात दुधाला निघालेल्या प्रत्येकानं ते वाचलं, वाचून न वाचल्यासारखं केलं आणि पलीकडच्या कडेनं पुढे गेला. नियाजनं शटर उघडलंच नाही. स्कूटरला किक मारली आणि थेट गंगापूर रोडला डॉक्टर मंजुषाबाईंचं दार गाठलं.

मंजुषाबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची उभी हयात गेली. अडलेल्या म्हशी सोडवल्या, पिसाळलेली कुत्री धरली, आणि कॅम्पातल्या खाटकांची दुकानं तपासताना भल्याभल्यांना घाम फोडला. त्यात नियाजचे वडीलही आले. रिटायर झाल्यापासून त्यांच्या तावडीत फक्त कामवाली आणि पेपरवाला उरले होते, आणि दोघंही जपून असत.

"आलास? बस. आधी चहा घे, रडायचं ते नंतर रड," त्या म्हणाल्या.

नियाज बसला नाही. चाळिशीचा धिप्पाड गडी दारातच बोलायला लागला. "डॉक्टरबाई, मी खाटीक आहे, जनावर कापतो, ते काय लपवून ठेवलंय? पण कप्तानला मी मारला म्हणतात. कप्तानला! माझ्या स्कूटरचा आवाज आला की फाटकावर दोन पाय टाकून उभा राहायचा तो. घरी माझी लेक अफिफा पण मला बघून इतकी खूश होत नाही."

कप्तान म्हणजे टेकडीखालच्या गल्लीतल्या शेखरचा कुत्रा. लांब कानांचा, बुटका बीगल. शेखर सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर होता, आणि त्यानं पिल्लू आणलं त्याच दिवशी ठरवलं होतं की याला फक्त कच्चं मांस घालायचं. भात नाही, पोळी नाही, बिस्किटाचा तुकडा नाही. ते मांस रोज नियाज देत असे : कोंबडीच्या माना, खिमा, कलेजी, कच्ची हाडं. गेल्या गुरुवारी त्यानं कलेजी दिली. शनिवारी कप्तान मलूल झाला, लघवी लाल व्हायला लागली, हिरड्या आधी पांढऱ्या आणि मग पिवळ्या पडल्या. मंगळवारी खेळ आटोपला. त्याच संध्याकाळी शेखरनं कॅम्पातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं की नियाजच्या कलेजीनं माझा कप्तान मारला.

"त्याच कलेजीचा दुसरा वाटा एका कर्नलसाहेबांच्या दोन कुत्र्यांनी खाल्ला. ती मैदानावर उड्या मारतायत," नियाज म्हणाला. "पण ऐकतो कोण? अम्मी म्हणते, दुकान विकू आणि मालेगावला मामूकडे जाऊ. अब्बांनी उभं केलेलं दुकान आहे, बाई. मी ते असं, विषवाला म्हणून, सोडून जाऊ?"

मंजुषाबाईंना कच्च्या मांसाचं हे फॅड मुळीच पटत नव्हतं. त्यातल्या जंतूंवर त्यांनी नियाजला आधी दोनदा झापलंही होतं. पण कुत्रं तशा जंतूंनी मेलं, की आणखी कशानं, हे न बघताच कोणी निकाल लावला की त्यांचं डोकं फिरत असे. चहा अर्धा टाकून त्या उठल्या.

कप्तानवर उपचार करणारा राकेश त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याचा दवाखाना त्याच रस्त्यावर होता. "मॅडम, गोचीडताप होता," तो म्हणाला. "उशिरा आणला त्यांनी."

"रक्ताची काच ठेवलीयस ना? लाव."

मंजुषाबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "गोचिडाचा जंतू कुठंय यात, दाखव मला. आणि प्रत्येक तांबड्या पेशीच्या कडेला हे बारीक फोड आलेत, ते दिसले नाहीत तुला?"

राकेशचा चेहरा पडला.

"सडक्या मांसानं हे होत नाही, राकेश. याचं रक्त आतल्या आत विरघळलंय. हे करणाऱ्या गोष्टी मोजक्या. पोटात गेलेलं जस्ताचं नाणं किंवा नट-बोल्ट, माणसाची तापाची गोळी, नाही तर कांदा-लसूण."

"एक्स-रे काढला होता. पोटात धातू नव्हता."

"मग दोनच उरल्या. आणि हे विष खाल्ल्या खाल्ल्या दिसत नाही, दोन-चार दिवस घेतं." त्या पर्स उचलत म्हणाल्या, "सगळे त्या गुरुवारच्या कलेजीला धरून बसलेत. त्याच्या आधी काय खाल्लं, हे कोणी विचारलंय का?"

२

शेखरच्या दारावर झेंडूचं तोरण वाळून लोंबत होतं. फाटकाच्या आत स्टीलचं एक मोठं भांडं पालथं घातलेलं होतं आणि वर खिळ्याला चामड्याचा पट्टा टांगला होता. मंजुषाबाईंनी जाता जाता पट्ट्यावरून हात फिरवला. बोटांना पिवळी पूड लागली. त्यांनी ती रुमालाला पुसली आणि आत गेल्या.

शेखरची दाढी वाढलेली होती. "त्या माणसाची वकिली करायला आलात का?" त्यानं पहिलाच प्रश्न टाकला.

"मी कुत्र्याची वकील आहे. नियाजनं मारलं असेल तर त्याला मीच सोडणार नाही. आता नीट सांग. तापाची गोळी वगैरे काही पोटात गेली का त्याच्या?"

"शक्यच नाही," आतून शेखरची बायको स्नेहल आली. डोळे सुजलेले. "औषधं वरच्या फडताळात, डब्यात असतात. खरं सांगू का, मला ते कच्चं मांस बघवत नव्हतं. त्याच्यासाठी वेगळा फ्रिज घ्यायला लावला मी. यांच्याशी कितीदा भांडले त्यावरून. पण तो रात्री माझ्याच पायावर डोकं ठेवून झोपायचा हो." आणि ती तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली.

मंजुषाबाईंनी तिला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "आणि कांदा? लसूण?"

शेखर उसळला. "कांदा कुत्र्याला विष असतो, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? आणि असता तर खाल्ला असता ना! आमच्या घरात चार महिने कांदा-लसूण येतच नाही. आई चातुर्मास कडक पाळते."

आई म्हणजे लंकाबाई. दाराशी पाट टाकून, गुडघ्यात मान घालून बसली होती. सिन्नरकडच्या खेड्यातून लेकाच्या घरी आलेली, हाडानं बारीक म्हातारी. मंजुषाबाई तिच्याजवळ खाली बसल्या.

"तुम्ही कधी काही खायला घातलं का हो त्याला?"

"नाय बाई," लंकाबाई म्हणाली. "मी त्याच्या खान्याच्या वाटंलाच जात नाय. ते कच्चं बघून मला मळमळतं. आन् शेखरनं बजावलं हाय, आई, बिस्कीट सुदिक द्यायचं नाय. तो जेवताना माझ्या तोंडाकडं बघत बसायचा, लय जीव तुटायचा, पर मी कदी तुकडा टाकला नाय. देवाशप्पथ."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. मंजुषाबाईंनी आयुष्यभर खोटं बोलणारे गवळी पाहिले होते. खरं बोलणारं माणूस त्यांना लगेच कळत असे, आणि इथं तर तिघंही खरंच बोलत होते. मग कुत्रं मेलं कशानं?

"बरं, गुरुवारच्या आधी काय खाल्लं? बुधवारी?"

"नियाजच्याच दुकानात खाल्लं," शेखर म्हणाला. "मार्गशीर्षात आमच्याकडे खंडोबाचे घट बसतात. षष्ठीपर्यंत घरात मांस चालत नाही. म्हणून मी कामावर जायच्या आधी त्याला दुकानात नेऊन, मागच्या बाजूला खाऊ घालून आणायचो. बुधवारी तेवढी माझी पहिली पाळी होती, म्हणून स्नेहलनं नेलं."

स्नेहलनं मान वर केली. "मी? मी नाही नेलं. घरात एवढा सैपाक होता, मी चुलीपासून हललेच नाही. मला वाटलं, तुम्ही पहाटेच नेऊन आणलंत."

 शेखरच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "म्हणजे... दिवसभर उपाशी होता तो?"

नियाजनंही वाटेत तेच सांगितलं होतं, बुधवारी कोणी कप्तानला घेऊन आलंच नाही म्हणून. मंजुषाबाईंनी तेव्हा ते कानाआड केलं होतं. आता त्या सावरून बसल्या.

"मग गुरुवारी सकाळी कलेजीवर तुटून पडला असेल."

"नाही ना! तेच तर म्हणतोय मी सगळ्यांना," शेखरचा आवाज चढला. "हुंगली आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी कशीबशी अर्धी खाल्ली. त्याला कळलं होतं हो, मांसात काहीतरी आहे ते. मीच गाढव, मला नाही कळलं."

 बीगल जात म्हणजे जन्माची हावरट. पोट फुटेस्तोवर खाईल आणि वर भांडं चाटेल. असं कुत्रं एक अख्खा दिवस उपाशी राहतं आणि दुसऱ्या सकाळी त्याला भूकच नसते! त्याला मांसाचा वास खटकला नव्हता. त्याचं पोट भरलेलं होतं. बुधवारी कप्तानला कोणीतरी खाऊ घातलं होतं, आणि चांगलं दाबून घातलं होतं.

३

समोरच्या घरात रविराज राहत होता. त्याचं शेखरशी वर्षभर वाजलेलं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. कधी भुंकण्यावरून, कधी मांसाच्या वासावरून, एकदा तर हाडूक त्याच्या गाडीखाली सापडलं म्हणून. त्यानं मंजुषाबाईंना दारातच अडवलं.

"मी काही केलं नाही."

"मी अजून काही विचारलं नाही."

"लोक बोलतायत ना. मी उंदराचं औषध आणलं होतं, हे खरं आहे. गाडीच्या वायरी कुरतडतात साले. पण ते बॉनेटच्या आत ठेवलं होतं, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही तिथं."

"उंदराच्या औषधानं नाही मेला तो," मंजुषाबाई म्हणाल्या. "त्यानं रक्त न गोठता वाहत राहतं, कातडीखाली काळेनिळे डाग पडतात. तसं काही नव्हतं. तू सुटलास त्यातून." रविराजचे खांदे खाली आले. तेवढ्यात त्यांनी पुढे म्हटलं, "पण तुझ्या अंगठ्याच्या नखात तो लाल रंग कसला आहे?"

त्यानं हात मागे घेतला. 

"मला वाटलं, एवढ्यानं ते मटणवाटप तरी बंद होईल गल्लीतलं," तो पुटपुटला. "शेखर रडत होता त्या दिवशी. माझं डोकं फिरलं."

"कुत्र्यावर इतकं प्रेम कधीपासून?"

"प्रेम नाही हो. वर्षभर शिव्याच दिल्या त्याला. पण शेवटचं त्याला बघितलं तेव्हा मी हात जोडले होते, आणि सहाव्या दिवशी तो गेला. तेच डोक्यातून जात नाहीये."

मंजुषाबाई परत निघाल्या होत्या. त्या थांबल्या. "कुत्र्याला हात जोडलेस? कशासाठी?"

"षष्ठी होती ना," रविराज म्हणाला, जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. "त्या दिवशी तो देवाचा. आमच्या गल्लीत सगळ्यांचं कुलदैवत खंडोबाच. दरवर्षी तो मान तांबूचा असायचा, आमचं जुनं गल्लीतलं कुत्रं. एक घास घ्यायचा आणि उठून जायचा. तांबू पावसाळ्यात मेला, म्हणून यंदा मान कप्तानला."

"कसला मान?"

"मानाचा घास. पहिला घास देवाच्या कुत्र्याचा, मग घर जेवतं."

मंजुषाबाईंनी पर्समधून रुमाल काढला. त्यावरचा पिवळा डाग अजून तसाच होता. हळद. भंडारा. कोणीतरी त्या कुत्र्याच्या कपाळाला आणि गळ्याला भंडारा लावला होता, आणि तो पट्ट्याच्या भोकाभोकांत बसला होता.

४

लंकाबाई मागच्या अंगणात तुळशीपाशी होती. मंजुषाबाईंनी या वेळी प्रश्न वेगळा विचारला. खायला काय घातलं, असं विचारलंच नाही.

"आजी, षष्ठीचा मान तुम्ही केलात का यंदा?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा उजेड आला. "केला तर! तांबू गेल्यावर मला घोर लागला व्हता, आता मान कुनाला? मग म्हनलं, आपल्याच घरात देवानं धाडलाय की! सकाळी आंगूळ घातली त्याला. कपाळाला भंडारा लावला. हितंच अंगनात पाटावर बसवला, सूनबाई आत सैपाकात गुतली व्हती. बाई, काय शानी मान करून बसला! तळी भरली, येळकोट केला, आन् मग मी माज्या हातानं पयला घास दिला. बाजरीचा रोडगा आन् भरीत."

"भरीत कशाचं?"

"वांग्याचं. चार म्हैने बंद असल्याली वांगी-कांदा आम्ही कार्तिकीला नाय, त्याच दिवशी खायला काढतो ना. कांद्याची पात, लसनाची पात, सगळं हिरवंगार, पयलं देवाला. मग गल्लीतल्या बायका आल्या आपापलं ताट घिऊन. साळूबाई आली, कुसाबाई आली, समोरच्या रविराजची आई आली. तांबू तर घास तोंडात धरून पळून जायचा. ह्यानं एकाचंबी ताट ठिवलं नाय! चाटूनपुसून! बायका म्हनल्या, लंकाबाई, देव लय परसन्न हाय तुमच्या घरावर."

 म्हातारीनं देवाची शपथ घेतली होती, आणि ती शपथ खरीच होती. तिनं कुत्र्याला खायला कधीच घातलं नव्हतं. तिनं देवाला नैवेद्य दाखवला होता. प्रसादाला खाणं कोण म्हणतं?

"काय झालं, डॉक्टरीनबाई? गप का झालात?"

"काही नाही, आजी," मंजुषाबाई उठल्या. 

गल्लीच्या तोंडाशी नियाज स्कूटर लावून उभा होता. त्याला मंजुषाबाईंनी सगळं सांगितलं. आपली मान सुटली म्हणून हा गडी उडी मारेल असं त्यांना वाटलं होतं. तो स्कूटरच्या सीटवर मटकन बसला.

"म्हातारीला सांगू नका," तो म्हणाला.

"अरे, तुझं दुकान..."

"बाई, मी रोज सकाळी कप्तानचं मांस द्यायला यायचो तेव्हा ती मला चहा द्यायची. नाकाला पदर लावून, तोंड तिकडे करून, पण द्यायची. कप्तान मध्येच येऊन माझ्या मांडीवर बसायचा आणि ती हसायची. तिला कळलं की आपल्याच हातानं गेला, तर ती जगेल का? मी मालेगावला जातो. बकरे तिथंही कापतात लोक. दुकान कुठंही होईल."

"आणि तुझ्या अब्बांचं नाव?"

नियाजनं तोंड फिरवलं. त्याला रडू येत होतं, आणि रस्त्यावर रडायची लाजही वाटत होती.

५

संध्याकाळी लंकाबाई टेकडीवर खंडोबाच्या देवळात गेली असताना मंजुषाबाईंनी शेखर, स्नेहल आणि रविराजला ओसरीवर बसवलं. नियाजला मुद्दाम बोलावून फाटकाशी उभं केलं. मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. रक्ताच्या काचेत दिसलेले फोड. बुधवारचा उपास, जो उपास नव्हता. कलेजीवरून फिरवलेलं तोंड. पट्ट्यावरचा भंडारा. आणि चार महिन्यांनी त्याच एका दिवशी घरात आलेली कांद्या-लसणाची पात.

"एका घासानं काही झालं नसतं," त्या म्हणाल्या. "पण बारा किलोचं कुत्रं, जन्मात भाजलेलं-शिजवलेलं न चाखलेलं, त्यात सकाळपासून उपाशी. आणि प्रत्येक घरचा एकेक मान."

स्नेहलनं तोंडावर हात दाबला. रविराज जमिनीकडे बघत म्हणाला, "आमच्या आईचंही ताट होतं."

 शेखरचं तोंड वेडंवाकडं झालं. "मी तिला बिस्कीट देऊ नको म्हणालो. भात देऊ नको म्हणालो. कांदा विष आहे एवढंच नाही सांगितलं. म्हटलं, ती त्याच्या भांड्याजवळ येतच नाही, तिला काय सांगायचं?" तो उठला, फाटकाशी गेला आणि नियाजसमोर उभा राहिला. त्यानं नियाजचे दोन्ही हात धरले. "माफ कर भाऊ. आत्ता ग्रुपवर टाकतो मी."

"काय टाकणार?" नियाजनं विचारलं. "आईचं नाव टाकणार?"

 शेवटी राकेशचीच चूक सगळ्यांच्या कामी आली. गोचीडताप. गोचीडतापानं गेला म्हणून सांगायचं. नियाज सुटतो, म्हातारीही सुटते. मंजुषाबाईंनी आयुष्यात कधी खोटा दाखला दिला नव्हता. तरी त्यांनी मान हलवली.

"गोचीड म्हनायचं ठरलं, व्हय?"

लंकाबाई फाटकाच्या बाहेर, नियाजच्या मागे उभी होती. हातात प्रसादाची पुडी. केव्हा येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नव्हतं.

"आई..." शेखर पुढे झाला.

तिनं त्याला हातानं थांबवलं आणि मंजुषाबाईंकडे बघितलं. "सकाळी तुमी इचारलं नि गप झालात. मी दिसभर इचार करते, ही बाई गप का झाली? टेकडीवरबी देवाला तेच इचारलं. मला खरं सांगा. कांद्यानं गेला?"

मंजुषाबाईंना एकदम आपलं वय जाणवलं. "हो, आजी," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ठाऊक नव्हतं. ताट आणणाऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं."

"लय दुखलं आसंल का त्याला?"

यावर मात्र मंजुषाबाई खोटं बोलल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "गुंगीतच गेला."

म्हातारीनं पुडी ओसरीच्या कठड्यावर ठेवली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. स्नेहल रात्रभर त्या दाराशी बसून होती. आतून रडण्याचा आवाजही आला नाही.

६

सकाळी कॅम्पाच्या बाजारात लोकांनी एक नवल पाहिलं. नियाजच्या बंद दुकानाच्या पायरीवर लंकाबाई बसली होती. जन्मात कधी खाटकाच्या दुकानाकडे मान वळवली नव्हती तिनं, रस्ता बदलून जायची. आज शटरला पाठ लावून बसली होती, आणि डोक्यावर ती लाल अक्षरं होती. मांडीवर कप्तानचं स्टीलचं भांडं.

येणाऱ्याजाणाऱ्याला ती थांबवत होती. दूधवाल्याला, भाजीवालीला, डबल रोटी घ्यायला आलेल्या फौजींच्या बायकांना. प्रत्येकाला एकच सांगत होती. "ह्या पोराचा काय दोष नाय. माजा कप्तान माज्या हातानं गेला. मी मानाचा घास दिला, त्यात कांदा व्हता. कांदा कुत्र्याला घालू नका, बाई. देवाच्या नावानंबी घालू नका." लोक ऐकून घेत, कोणी खांद्यावर हात ठेवी, कोणी डोळे पुसत पुढे जाई. तिचा आवाज बसला तरी ती थांबली नाही.

शेखर तिला घरी न्यायला आला, तर उठली नाही. रविराज रॉकेलचा डबा आणि फडकं घेऊन आला. कोणाशी न बोलता शटर घासायला लागला. लाल रंग पुसट झाला, पण सगळा गेला नाही.

नियाज आईला घेऊन आला. खातूनबी लंकाबाईच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. मंजुषाबाई समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या. पुढे यायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"उघड की रं दुकान," लंकाबाई नियाजला म्हणाली. "किती येळ बसवतोस म्हातारीला?"

त्यानं शटर वर केलं. लंकाबाईनं भांडं त्याच्यापुढे धरलं.

"हे तुझ्या दुकानात ठेव. बाजारातली कुत्री येत्यात ना तुझ्या दाराशी? त्यांना रोज ह्यात घाल. तो खायचा तेच, कच्चंच."

"तुम्हीच घाला आज, आजी," नियाज भांड्यात खिमा टाकत म्हणाला. "त्याच्या नावानं. पहिल्यांदा तुमच्या हातानं होऊ द्या."

"नको," ती म्हणाली. "माज्या हातानं नको."

नियाजनं भांडं पायरीशी ठेवलं. एक हडकुळी तांबडी कुत्री शेपूट हलवत आली, तिनं घाईघाईनं सगळं संपवलं, भांडं चाटून लख्ख केलं. मग मान वर केली आणि जवळ बसलेल्या म्हातारीचा हात हुंगायला पुढे आली.

लंकाबाईनं दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले.

कुत्री थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, आणि मग तिच्या पायाशीच, उन्हात, अंग टाकून झोपली.